श्रवणयंत्र आणि कोकणचा पावसाळा



शिबिरात मुलाच्या कानाला श्रवणयंत्र बसविले की आपले काम संपले, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. केंद्र शासनाच्या ‘एडिप’ योजनेतून १९८१ पासून दिव्यांगांना साहाय्यक साधने मिळत आली आहेत आणि त्यांत श्रवणयंत्रांचाही समावेश आहे. परंतु आपल्या कोकणात यंत्राची खरी परीक्षा सुरू होते ती मृगाच्या पहिल्या सरीबरोबर.

यंत्र ओढ्यात पडले, आंघोळीच्या वेळी कानातच राहिले, असे प्रकार घडतात. पण ते निदान लक्षात तरी येतात. दमटपणाचे तसे नाही. जुलैमध्ये किनारपट्टीच्या हवेतील आर्द्रता पुष्कळदा ८५ टक्क्यांच्याही वर असते. त्यात कानामागचा घाम आणि ओल्या केसांतून ओघळणारे पाणी यांची भर पडते. यंत्रापासून कानातील साच्याकडे जाणारी नळी तर विशेष त्रासदायक. कानातील उबदार, दमट हवा या थंड नळीत शिरली की तिच्यातील बाष्पाचे थेंब बनतात. असा एखादा थेंब नळीत अडकला की आवाजाची वाटच बंद होते. यंत्र चालू, सेल नवा, आणि तरीही मुलाला काही ऐकू येत नाही.

माझ्याच वर्गातील एक प्रसंग येथे सांगितला पाहिजे. तिसरीतील एक मुलगी आषाढात अचानक मागे पडू लागली. ‘लक्ष देत नाही’ असा शेरा मी तिच्या वहीत दोनदा लिहिला. नवव्या दिवशी सहज नळी उजेडात धरली, तेव्हा आत पाण्याचा थेंब दिसला. मुलीने तक्रार केली नव्हती. ऐकू न येणे ही तिच्या दृष्टीने जुनी, सवयीची अवस्था होती. त्यात सांगण्यासारखे काही आहे, हे तिला कसे कळावे? तो शेरा मी खोडला, पण नऊ दिवसांचे पाठ गेले ते गेलेच.

म्हणून रोज सकाळी प्रार्थनेनंतर दोन मिनिटे यासाठी काढावीत. मुलाच्या पाठीमागे उभे राहून, ओठ दिसू न देता, आ, ई, ऊ, म, श, स हे सहा ध्वनी एकेक करून म्हणावेत आणि मुलाने ते परत उच्चारावेत. डॅनियल लिंग या तज्ज्ञांनी रूढ केलेली ही चाचणी असून तिला कोणतेही उपकरण लागत नाही. काल ऐकू आलेला ‘स’ आज ऐकू आला नाही, तर प्रथम नळी पाहावी. नळीत थेंब असल्यास साचा नळीसह यंत्रापासून सोडवून रबरी फुग्याने हवा मारावी. तोंडाने फुंकू नये. फुंकरीतही ओल असते.

सेलविषयी थोडे अधिक सांगतो. या यंत्रांतील जस्त-हवा प्रकारचा सेल बाहेरच्या हवेतील प्राणवायूवर चालतो. त्यासाठी त्याला बारीक छिद्रे असतात. छिद्रांवर पाण्याचा पापुद्रा बसला की सेल दम टाकतो, आणि आपण तो संपला असे समजून फेकून देतो. रात्री यंत्र बंद करून सेल बाहेर काढावा, कोरड्या कापडाने पुसावा, सेलचे झाकण उघडेच ठेवावे व यंत्र घट्ट झाकणाच्या डबीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे. सेल मात्र त्या डबीत ठेवू नये. तेथे त्याच्यातील आवश्यक ओलावाही शोषला जातो. रंग बदलणारे जेल मिळाल्यास उत्तम. रंग पालटला की ते बदलण्याची वेळ झाली हे निरक्षर आईलाही कळते. पुन्हा भरता येणाऱ्या बॅटरीची यंत्रे सुकविण्याबाबत त्यांच्या माहितीपत्रकाप्रमाणे वागावे.

भिजलेले यंत्र चुलीजवळ, उन्हात किंवा केस वाळविण्याच्या यंत्रापुढे धरणे हा घरोघरी चालणारा उपाय घातक आहे. उष्णतेने आतील नाजूक भाग बिघडतात. तांदळाच्या डब्यात यंत्र पुरण्याचीही चाल पडली आहे. त्यातील पीठ सूक्ष्म छिद्रांत जाऊन बसते. अलीकडच्या काही यंत्रांवर ‘आयपी ६८’ असा निर्देश असतो. त्याचा अर्थ धूळ आणि पाणी यांपासून ठरावीक चाचणीपुरते संरक्षण, एवढाच आहे. ते लावून पोहावे, असा नव्हे.

आता पंचायत सभासदांसाठी. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावयाची असते. तिच्यातून डबी, जेल, रबरी फुगा आणि पावसाळ्याला पुरतील इतके सेल घेता येतील काय, हे मे महिन्याच्या सभेतच पाहावे. जुलैत मागणी केली, तर वस्तू हाती पडेपर्यंत पावसाळा सरलेला असतो. आणि डबी शाळेच्या कपाटात ठेवू नये. ती मुलाच्या घरी द्यावी, कारण रात्री यंत्र तेथेच असते.