न पाहिलेल्या दुकानाशी व्यवहार



आपल्यापैकी पुष्कळांनी आयुष्यात एकदा तरी व्ही.पी. सोडवून घेतलेली असेल. पोस्टमन दाराशी उभा, त्याच्या हातात सुतळीने बांधलेले पुडके, आणि घरात पैशाची शोधाशोध. व्ही.पी.ची ही सोय हिंदुस्थानच्या टपालखात्याने १८७७ साली सुरू केली आणि गावोगाव पुस्तके, औषधे, घड्याळे जाऊ लागली. दुकानदाराला पैशाची खात्री आणि गिऱ्हाइकाला मालाची, अशी तिची योजना. परंतु नीट पाहिले तर दुसरी खात्री अर्धीच होती. पैसे आधी मोजायचे आणि पुडके मागाहून उघडायचे. आत मागवलेला ग्रंथ निघो की रद्दी निघो, पोस्टमन तोवर पुढच्या गल्लीत गेलेला असे. टपालखात्याने पैशाचा प्रश्न सोडवला. सचोटीचा प्रश्न त्याच्या अखत्यारीतला नव्हता.

हा सचोटीचा प्रश्न एका अगदी निराळ्या मालाच्या बाबतीत, अमेरिकेत, साधारण १९८० नंतरच्या दहापंधरा वर्षांत कसा सोडवला गेला, आणि कोठे सोडवला गेला नाही, ते आज सांगावयाचे आहे. तो माल म्हणजे संगणकाची आज्ञावली, ज्याला आपण सर्वजण सॉफ्टवेअर म्हणतो. आज ती तारेतून किंवा हवेतून घरात येते. त्या काळी ती पाकिटातून येत असे.

थोडे मागे जाऊ. शिकागोच्या ॲरन माँटगोमेरी वॉर्ड या व्यापाऱ्याने १८७२ मध्ये एका कागदावर मालाची यादी छापून शेतकऱ्यांना टपालाने माल विकण्यास आरंभ केला. शेतकरी म्हणत, न पाहिलेल्या माणसाला आधी पैसे का पाठवावेत? शंका रास्तच होती. वॉर्डने तिला वादाने उत्तर दिले नाही. १८७५ मध्ये त्याने जाहीर केले की माल पसंत पडला नाही तर परत करा, पैसे परत मिळतील. समोरासमोरचा दुकानदार गिऱ्हाइकाशी घासाघीस करू शकतो, गोड बोलून वेळ मारून नेऊ शकतो. शेकडो मैलांवरच्या दुकानदाराला ती कला उपयोगाची नाही. त्याच्याजवळ फक्त दिलेला शब्द असतो आणि तो पाळल्याची कीर्ती. पैसे परत देण्याची हमी वॉर्डला परवडली याचे कारण सोपे आहे. नांगर, कापड, शिवणयंत्र परत आले तर ते पुन्हा विकता येते.

आता सॉफ्टवेअरकडे या. त्याची फ्लॉपी सव्वापाच इंची, पातळ, लवचिक, कागदी पाकिटात घातलेली. आय.बी.एम.च्या पी.सी.वर चालणाऱ्या एका दुहेरी फ्लॉपीत साडेतीन लाखांहून थोडी अधिक अक्षरे मावत, म्हणजे एका बेताच्या कादंबरीचा ऐवज. ती दुमडली की गेली. लोहचुंबकाजवळ ठेवली की गेली. म्हणून चांगला विक्रेता तिच्या दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा घालून, ‘दुमडू नये’ असे पाकिटावर छापून पाठवी. एवढी साधी गोष्ट. पण पाकिटात पुठ्ठा आहे की नाही एवढ्यावरून दुकानाची परीक्षा होत असे.

खरी अडचण मात्र फ्लॉपी नाजूक असण्याची नव्हती. तिची नक्कल होत असे, ही होती. एक गिऱ्हाईक माल मागवतो, दोन मिनिटांत दुसऱ्या फ्लॉपीवर उतरवून घेतो आणि ‘पसंत नाही’ म्हणून मूळ फ्लॉपी परत करतो, अशी भीती विक्रेत्याला वाटे. वॉर्डच्या नांगराची नक्कल शेतकरी करू शकत नव्हता! तेव्हा वॉर्डची शंभर वर्षांपूर्वीची हमी या धंद्यात चालेना, आणि गिऱ्हाईक तर पूर्वीपेक्षाही आंधळे. नांगर मोडका असला तर दिसतो. आज्ञावलीतला दोष तिसऱ्या आठवड्यात, ऐन हिशेबाच्या वेळी प्रकट होतो.

पहिले विक्रेते घरगुतीच होते. कॅलिफोर्नियातील केन आणि रोबर्टा विल्यम्स या दांपत्याने १९८० मध्ये ‘मिस्टरी हाउस’ नावाचा खेळ तयार केला, मासिकात जाहिरात दिली आणि २४ डॉलर ९५ सेंटला एक याप्रमाणे, फळे-भाज्या ठेवण्याच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तो विकला. खेळ म्हणजे कोडे. अडलेली माणसे सरळ त्यांच्या घरी फोन करीत आणि पुढे काय करायचे ते विचारीत. गिऱ्हाइकाची सेवा म्हणून निराळे खाते असते हे त्या घरात कोणाला ठाऊकही नसावे; फोन वाजला की उचलायचा, एवढेच.

पुढे धंदा मोठा झाला आणि दोन वाटा फुटल्या. पहिली वाट अविश्वासाची. लोटस कंपनीचा ‘वन-टू-थ्री’ हा हिशेबाचा कार्यक्रम १९८३ मध्ये ४९५ डॉलरला निघाला. तो उत्तम होता, यात वाद नाही. पण त्याची मूळ फ्लॉपी यंत्रात घातल्याशिवाय तो चालू होत नसे. ज्याने खणखणीत पैसे मोजले त्यालाच रोज आपण चोर नसल्याचा पुरावा द्यावा लागे. आणि चोर मात्र ते कुलूप तोडून मोकळा होई. कुलपाचा त्रास चोरापेक्षा मालकालाच अधिक, हा अनुभव काही फक्त अमेरिकेतला नाही.

दुसरी वाट बोरलँड या लहानशा कंपनीने धरली. १९८३ च्या नोव्हेंबरात ‘बाइट’ मासिकात तिची पानभर जाहिरात आली. टर्बो पास्कल, किंमत ४९ डॉलर ९५ सेंट, टपालाने. आज्ञावली लिहिणाऱ्यांचे हे अवजार होते. अँडर्स हाइल्सबर्ग या डॅनिश तरुणाने ते घडवले होते, कंपनीचे प्रमुख होते फिलिप काहन. तशा अवजाराला इतर कंपन्या कित्येक शे डॉलर मागत होत्या. स्वस्त म्हणजे टाकाऊ अशी समजूत असलेल्या लोकांनी मागवून पाहिले तर ते महागड्या अवजारांपेक्षा वेगवान निघाले.

स्वस्ताईपेक्षाही मला त्या कंपनीचे परवानापत्र महत्त्वाचे वाटते. इतरांची परवानापत्रे बारीक टाइपात, वकिली भाषेत, ‘करू नये, करू नये’ अशा ओळींनी भरलेली. बोरलँडने सांगितले त्याचा आशय असा: हे पुस्तकासारखे समजा. एका यंत्रावरून दुसऱ्यावर न्या, कोणालाही वापरू द्या; मात्र एकच पुस्तक एकाच वेळी दोन ठिकाणी दोघे वाचू शकत नाहीत, तसे हेही एकाच वेळी दोन ठिकाणी वापरू नका. फ्लॉपीला कुलूप नाही. या शब्दांत कायदा नाही असे नाही. पण तो माणसाला माणूस समजून सांगितला आहे. त्याच कंपनीने ‘साइडकिक’ हा दुसरा कार्यक्रम काढला तेव्हा कुलूप असलेली प्रत स्वस्त आणि नसलेली महाग, असाही प्रयोग तिने करून पाहिला. म्हणजे ही मंडळी साधुसंत नव्हती. चांगले वागणे परवडते का, याचा हिशेब तीही करीत होती, आणि बहुधा परवडते असे उत्तर येत होते.

विश्वासाची याहून धाडसी परीक्षा बॉब वॉलेस यांनी घेतली. मायक्रोसॉफ्टच्या अगदी सुरुवातीच्या नोकरांपैकी हे एक. नोकरी सोडून त्यांनी १९८३ मध्ये ‘पीसी-राइट’ हा लेखनाचा कार्यक्रम काढला. फ्लॉपीचे १० डॉलर. नक्कल करा, मित्राला द्या, खुशाल. ज्याला तो उपयोगी वाटेल त्याने ७५ डॉलर पाठवून नाव नोंदवावे. मग त्याला छापील पुस्तिका, फोनवर मदत आणि पुढची सुधारलेली आवृत्ती मिळेल. शिवाय त्याच्या प्रतीवरून नक्कल घेऊन दुसऱ्या कोणी नाव नोंदवले, तर त्याला २५ डॉलर कमिशन! ज्या नकलेला सगळा धंदा भीत होता तिलाच वॉलेस यांनी आपला फिरता विक्रेता केले. ते फ्लॉपी विकत नव्हतेच. फोनच्या पलीकडे उत्तर देणारा माणूस असेल, एवढे आश्वासन ते विकत होते.

आता फोनविषयी. युटा राज्यातील वर्डपरफेक्ट कंपनीने गिऱ्हाइकांसाठी बिनपैशाचा फोन ठेवला होता. म्हणजे कॉलचा खर्च कंपनीचा आणि सल्ल्याला मोलही नाही. माल कोठल्याही दुकानातून किंवा टपालाने घेतलेला असो. वकिलांच्या कचेऱ्यांतील टंकलेखिका, पाद्री, विद्यार्थी, सर्व प्रकारची माणसे फोन करीत. कोणाचा छपाईचा कागद अडकलेला, कोणाचे पान वाकडे उमटलेले. दोष पुष्कळदा छापण्याच्या यंत्राचा असे, वर्डपरफेक्टचा नसेच. तरी उत्तर मिळे. गर्दी इतकी झाली की लोकांना फोनवर ताटकळावे लागू लागले. तेव्हा कंपनीने काय करावे? तिने चक्क रेडिओसारखे निवेदक नेमले. ते गाणी लावीत आणि मधूनमधून सांगत की अमुक विषयाच्या रांगेत इतके जण आहेत, इतकी मिनिटे लागतील. रांगेत उभ्या माणसाचा अर्धा संताप आपला नंबर कधी येणार हे न कळण्याचा असतो, हे त्यांनी ओळखले. आपल्याकडे कोठल्याही कचेरीत फोन लावून, तेच ते संगीत ऐकत, ‘तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ हे वाक्य विसाव्यांदा कानी पडलेल्यांना त्या निवेदकांची किंमत मी सांगायला नको.

आपण म्हणाल, चांगल्यांच्या कथा झाल्या, वाईटांचे काय? वाईट पुष्कळ होते. मासिकात जाहिरात यायची, चेक पाठवायचा, चेक वटायचा आणि मालाचा पत्ता नाही. कारण माल अजून तयारच झालेला नसे. लोकांच्या आगाऊ पैशांवर तो तयार करायचा बेत असे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने टपाली व्यापारासाठी १९७५ मध्ये केलेला नियम येथे उपयोगी पडला. त्याची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. जाहिरातीत मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत माल रवाना झाला पाहिजे. उशीर होणार असेल तर विक्रेत्याने आपण होऊन कळवायचे आणि विचारायचे: थांबता, की पैसे परत हवेत? पहिला उशीर ३० दिवसांच्या आतला असेल आणि गिऱ्हाईक गप्प राहिले, तर ते थांबायला तयार आहे असे धरायचे. त्यानंतरच्या उशिराला मात्र गिऱ्हाइकाचे मौन म्हणजे नकार, आणि पैसे परत. ‘मौनं संमतिलक्षणम्’ हे आपले वचन या नियमाने एकदाच मानले, दुसऱ्यांदा उलटे केले! व्यापाऱ्याला एक चूक माफ आहे. पण गिऱ्हाइकाच्या सोशिकपणावर धंदा चालवता येणार नाही.

वेळेवर आलेला माल निकामी असला तर? बहुतेक खोक्यांवर छापलेले असे की फ्लॉपी सदोष असल्यास बदलून मिळेल, आतील कार्यक्रम चालेलच अशी हमी नाही. म्हणजे पुस्तकाचा कागद चांगला आहे, मजकुराचे आम्हांला विचारू नका. हा वाद कोर्टात गेला. स्टेप-सेव्हर नावाच्या कंपनीने फोनवर मागणी नोंदवून एका कार्यक्रमाच्या १४२ प्रती घेतल्या होत्या. तो नीट चालत नाही अशी तिची तक्रार. विक्रेत्याने खोक्यावरच्या अटींकडे बोट दाखवले. अपील कोर्टाने १९९१ मध्ये ठरवले की सौदा फोनवर आणि कागदपत्रांवर झाला. मागाहून खोक्यावर आलेल्या अटी त्या कराराचा भाग नव्हेत. सामान्य माणसाच्या बुद्धीला पटेल असाच हा निर्णय. पण १९९७ मध्ये शिकागोच्या अपील कोर्टाने गेटवे कंपनीच्या खटल्यात उलट दिशा धरली. एका दांपत्याने फोनवरून संगणक मागवला. खोक्यात अटींचा कागद, आणि ३० दिवसांत परत न केल्यास अटी मान्य असे धरले जाईल, ही सूचना. त्यांनी यंत्र ठेवून घेतले, म्हणून ते अटींनी बांधले गेले. फोनवरच्या कारकुनाने साऱ्या अटी वाचून दाखवाव्यात ही अपेक्षा अव्यवहार्य आहे, असे न्यायाधीशांचे म्हणणे. व्यवहार सुकर झाला खरा. कोणाचा, ते आपण ठरवा. मला स्वतःला पहिला निर्णय न्यायाच्या अधिक जवळचा वाटतो. अटी वाचून दाखवायला फार लांब आहेत, ही त्या कमी करण्याची सबब आहे. न सांगण्याची नव्हे.

आता फ्लॉपी गेली, पाकीट गेले. ‘मान्य आहे’ या चौकोनावर बोट टेकवून आपण सर्वजण न वाचलेल्या अटी स्वीकारीत असतो. वर्षाची वर्गणी भरून घेतलेला कार्यक्रम, वर्गणी थांबली की बहुधा बंद पडतो. परत करण्यासारखी वस्तूच हातात उरत नाही. म्हणून आपल्याकडच्या कायद्यात काय आहे एवढे सांगून थांबतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत डिजिटल माल स्पष्टपणे धरलेला आहे. विक्रेत्याने तक्रार-निवारण अधिकारी नेमून त्याचे नाव आणि संपर्क जाहीर करायचा, तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याच्या आत ती निकालात काढायची. आधीच खूण करून ठेवलेल्या चौकोनाला तुमची संमती म्हणता येत नाही. तेवढ्याने भागले नाही तर राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा १९१५ हा क्रमांक आहे. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक मोठी सोय केली आहे. १९८६ च्या जुन्या कायद्यात, विक्रेता जेथे असेल किंवा तक्रारीचे कारण जेथे घडले असेल, तेथे फिर्याद न्यावी लागे. आता दुकान बंगळुरात असो की कॅलिफोर्नियात, आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार दाखल करता येते, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला फी पडत नाही. सोबत मागणीची पावती, पैसे भरल्याची नोंद आणि झालेला पत्रव्यवहार जोडावा. म्हणून हे तिन्ही कागद, किंवा त्यांची पडद्यावरची चित्रे, मागणी केली त्याच दिवसापासून जपून ठेवावीत.