पितळ वाजतं की हवा?

शिमग्यात रत्नागिरीच्या गावोगावी पालख्या निघाल्या, की ढोल-ताशांसोबत सनईही ऐकू येते. सनईची नळी लाकडी, पुढचा पसरट भाग बहुधा पितळेचा. तोच तांब्याचा केला, तर सूर गोड होईल का? बरेच वादक हो म्हणतील. प्रयोगांचं मत वेगळं आहे.

अमेरिकेतल्या जॉन कोल्टमन यांनी चांदी, तांबं आणि लाकूड यांच्या, आतून सारख्याच मापाच्या बासऱ्या करून पाहिल्या. निष्कर्ष 1971 साली छापून आले. फरक ऐकणाऱ्यांना ओळखता आला नाही आणि, गंमत म्हणजे, वाजवणाऱ्यांनाही नाही! कारण फुंकवाद्यात वाजते ती आतली हवा. जत्रेतल्या पत्र्याच्या शिट्टीचंही तेच. फुंक जिच्यावर आपटते ती धार, नळीची लांबी-रुंदी आणि भोकांचं माप यांवर तिचा सूर ठरतो. पत्रा पितळेचा की कल्हई केलेल्या लोखंडाचा, हा प्रश्न फार मागून येतो.

तरी धातू आडवळणानं आपलं म्हणणं मांडतोच. पत्रा जाड असला, की भोकाची खोली वाढते आणि सूर किंचित उतरतो. आपल्या खाऱ्या हवेत लोखंडी पत्रा गंजतो, धार खरबरीत होते, फुंक फाटते.

देवळातली घंटा आणि झांज मात्र उलट्या जातीची. तिथे धातू स्वतःच थरथरतो. म्हणून ती काशाची हवी, म्हणजे तांब्यात साधारण पाचवा हिस्सा कथील. कथिलानं धातू कडक होतो, नाद लांबतो. शिशाची घंटा केलीत, तर नुसता ठप्प आवाज येईल.