प्रतिपालक घरातून मूल अकाली परतते तेव्हा

(शिरूर अनंतपाळ येथे शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आईबापांचे छत्र हरपलेले मूल मामाकडे वा आजीकडे वाढावे, ही मराठवाड्यातील जुनीच रीत होय. नात्यापलीकडील कुटुंबाने असे मूल काही काळापुरते सांभाळावे, ही कल्पना मात्र गावाला अद्याप अनोळखी आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४४ मध्ये या व्यवस्थेची तरतूद आहे. बालकल्याण समितीच्या आदेशाने मूल प्रतिपालक घरी जाते; दत्तकविधानाप्रमाणे त्याचे नाव वा कूळ बदलत नाही. राज्याच्या बालसंगोपन योजनेतील अनुदान २०२३ मध्ये दरमहा २,२५० रुपये करण्यात आले. अनुदानाने वह्या-कपड्यांचा भार हलका होतो. मूल त्या घरात रुजेल, याची हमी त्यात नाही.

ठरलेल्या मुदतीआधीच एखादे मूल परत येते, तेव्हा गावात दोनच निकाल ऐकू येतात. ‘पोर द्वाड निघाले’, नाही तर ‘पैशासाठीच ठेवून घेतले होते’. दोन्ही निकाल चौकशीचे दार लावून घेतात. पहिला तर मुलाला कायमचा चिकटतो आणि पुढील घराच्या उंबरठ्यावर त्याच्याआधी जाऊन पोचतो. म्हणून फेरतपासणी करणाऱ्यांनी दोषी कोण, या प्रश्नापूर्वी व्यवस्थेत काय उणे राहिले, हे पाहणे अगत्याचे आहे. (मारहाण वा छळ झाला असेल, तर गोष्ट वेगळी, तेथे फौजदारी कायद्यानेच पावले उचलावयाची.)

शोधाचा आरंभ परतण्याच्या दिवसापासून न करता, मूल त्या घरी गेले त्या दिवसापासून, किंबहुना त्याच्याही आधीपासून करावा. उपासमार सोसलेले मूल उशाशी भाकरी लपवून ठेवते. भ्यालेले मूल अंथरूण ओले करते. हे प्रतिपालक माउलीला आधी सांगितले होते काय? सांगितले नसेल, तर तिला भाकरीत चोरी दिसते आणि ओल्या अंथरुणात हट्ट. भावंडांची ताटातूट झाली होती काय? घरात त्याच वयाचे स्वतःचे मूल होते काय? रॉय पार्कर या ब्रिटिश अभ्यासकाने १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वयाने जवळचे स्वतःचे मूल असलेल्या घरांत अशी व्यवस्था मोडण्याचे प्रमाण अधिक आढळले. आपल्याला तर ‘खेळायला सोबत होईल’ म्हणून नेमके तेच घर निवडण्याचा मोह होतो! पुढे त्या घरात काय पालटले, तेही पाहावे : सुनेचे बाळंतपण, म्हाताऱ्याचे आजारपण, सोयाबीन हातचे गेल्यावर कामासाठी गाव सोडणे. मुलाचे म्हणणे प्रतिपालकांच्या गैरहजेरीत, त्याच्या ओळखीच्या माणसाकरवी ऐकावे. शाळेचा हजेरीपटही मागवावा. पुष्कळदा पहिली खूण तेथेच उमटलेली असते.

खूण दिसूनही वेळेवर हालचाल न झाल्यास काय होते, याचे दारुण उदाहरण इंग्लंडमध्ये जानेवारी १९४५ मध्ये घडले. डेनिस ओनील हा बारा वर्षांचा मुलगा श्रॉपशायरमधील एका शेतघरी प्रतिपालकांच्या छळाने मरण पावला. त्याला तेथे ठेवणारी नगरपालिका दूर न्यूपोर्ट येथे, घर दुसऱ्याच परगण्यात. डिसेंबर १९४४ मध्ये भेटीस गेलेल्या महिला कर्मचाऱ्याने त्याला हलविण्याची शिफारस केली होती. कागद मात्र वेळेत हलला नाही. सर वॉल्टर माँक्टन यांच्या चौकशीने देखरेखीतील ही फट उघड केली आणि १९४८ चा बालक कायदा होण्यास ही घटना एक कारण ठरली.

आपली समिती लातूरला, घर शिरूरजवळच्या एखाद्या वाडीवर. कलम ४४ मध्ये दरमहा तपासणीची तरतूद आहे. तरी दोन भेटींमधले दिवस शेजारी, अंगणवाडी सेविका आणि गुरुजी यांच्याच डोळ्यांपुढे जातात. शंका आल्यास ग्राम बाल संरक्षण समितीला वा १०९८ या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

फेरतपासणीचे कागद पुरे होईपर्यंत मुलाची शाळा थांबू नये. शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून इयत्ता आठवीपर्यंतचा प्रवेश अडविता येत नाही, असे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम ५ सांगते. दाखला देण्यास विलंब करणारे मुख्याध्यापक शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतात. आणि त्या घरी राहिलेले दप्तर, भोवरा, आईचा एखादा फोटो मुलाच्या हाती पोचता व्हावा; तो आणावयास कोण जाणार, हे बैठकीतच ठरवावे.