अनुकंपा : भावना आणि तरतूद



जैन परंपरेत सुपात्रदानाबरोबरच अनुकंपादानालाही स्थान आहे. सुपात्रदानात घेणाऱ्याची योग्यता पाहिली जाते. अनुकंपादानात केवळ त्याचे दुःख पाहिले जाते. भुकेल्याचा धर्म वा प्रांत विचारण्याचे तेथे प्रयोजनच उरत नाही.

या अनुकंपेची कसोटी हिंजवडीने २०२० साली अनुभवली. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. संगणक कंपन्यांचे कर्मचारी घरून काम करू लागले. परंतु त्यांच्या इमारती उभारणारे परप्रांतीय मजूर पत्र्याच्या खोल्यांत अडकून पडले. मजुरी थांबली. शिधापत्रिका मूळ गावी राहिलेली, त्यामुळे येथील रास्त भाव दुकानात धान्य मिळणे कठीण झाले. राज्य शासनाने शिवभोजन थाळीचा दर १० रुपयांवरून ५ रुपये केला. मात्र शिधापत्रिका नसलेल्या स्थलांतरितांना दरमहा माणशी ५ किलो धान्य देण्याची केंद्राची घोषणा १४ मे रोजी झाली. मधल्या पन्नास दिवसांचा मोठा भार समाजाच्या दातृत्वावर होता. टाळेबंदीची मुदत मात्र वाढतच गेली आणि देणाऱ्यांची दुकानेही बंदच होती.

हीच अडचण जागतिक पातळीवरही दिसते. संयुक्त राष्ट्रांचा जागतिक अन्न कार्यक्रम सर्वस्वी ऐच्छिक देणग्यांवर चालतो. बांगलादेशातील कॉक्सेस बझार येथील निर्वासितांना दरमहा माणशी १२ डॉलरचे अन्नसाहाय्य मिळत होते. निधीअभावी २०२३ साली ते मार्चमध्ये १० आणि जूनमध्ये ८ डॉलरवर आले. म्हणजे दिवसाला अवघे बावीस रुपयांच्या आसपास. निर्वासितांची भूक कमी झाली नव्हती. देणाऱ्यांचे लक्ष अन्यत्र गेले होते.

यावरचा उपाय जैन इतिहासातच आहे. कच्छमधील भद्रेश्वरचे श्रेष्ठी जगडूशाह यांनी विक्रम संवत १३१३ ते १३१५ च्या दुष्काळात असंख्यांना अन्न पुरविले. त्यांच्या चरित्रात सांगितले आहे, की दुष्काळापूर्वीच त्यांनी कोठारे भरली आणि हे धान्य गोरगरिबांचे आहे, असे लेख त्यांत ठेवले. राजाने धान्य मागितले, तेव्हा ते आपले नव्हेच, असे त्यांनी नम्रपणे सांगितले. दान संकटापूर्वी बाजूला काढलेले होते, म्हणूनच ते संकटात पुरले.

आज पर्युषणात बोल्यांची रक्कम उत्साहाने चढते. ते देवद्रव्य होय. ते अन्नदानाकडे वळविता येत नाही आणि वळवूही नये. म्हणूनच अनुकंपेचे खाते स्वतंत्र हवे. बहुधा तेच खाते सर्वांत रिकामे असते, हे कटू असले तरी सत्य आहे.

हिशेब अवघड नाही. माणशी रोज ४०० ग्रॅम धान्य आणि ६० ग्रॅम डाळ धरली, तर शंभर माणसांना पन्नास दिवसांसाठी २० क्विंटल धान्य आणि ३ क्विंटल डाळ लागते. तेल, मीठ, इंधन वेगळे. एवढ्या किमतीचा निधी कायम शिल्लक ठेवावा, खर्च होताच पुढील पर्युषणात तो पूर्ववत भरून काढावा आणि त्याचा हिशेब दरवर्षी संघापुढे वाचला जावा.

सुवर्णमहोत्सवाच्या शोभायात्रेची आठवण काही वर्षे राहील. दारी आलेला विस्थापित उपाशी परतणार नाही, ही तरतूद मात्र शताब्दीपर्यंत टिकू शकेल.

जय जिनेंद्र!