चूल तपासायची कुठे?



भंडारा जिल्हा धानाचा. इथल्या चुलीत रानातलं सरपण जातं, आपल्या कापूस-ज्वारीच्या गावांत पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या. धूर दोन्हीकडे सारखाच. आज त्या धुराचा हिशेब मांडू.

सरकारनं १९८३ साली सुधारित चुलींचा कार्यक्रम काढला आणि २००२ साली गुंडाळला. मधल्या काळात देशभर तीन कोटींवर चुली वाटल्याचं कागदावर आलं. साध्या चुलीत शंभरातली १०च्या आसपास आच भांड्याला लागते. नव्या मातीच्या चुलीनं किमान २० द्यावी, अशी अट. तपासणीत ती पुरी व्हायची. होणारच! लाकूड वाळलेलं, ढलप्या सारख्या, भांडं ठरलेलं, त्यात नुसतं पाणी, आणि आच सांभाळायला माणूस बसलेला. २०१३ साली उचलत्या चुलींचं मानक सुधारलं. त्यात धुराचे कण आणि कार्बन मोनॉक्साइड मोजतात, पण पाणी उकळूनच, प्रयोगशाळेतच.

आमच्या घरची बाई काय करते? पावसात भिजलेली पऱ्हाटी अख्खीच आत सारते. वैलावर डाळ, चुलीवर तवा. तव्यावरची ज्वारीची भाकर मग चुलीच्या तोंडाशी, निखाऱ्यावर उभी करून फुगवायची. नव्या चुलीचं तोंड एवढंसं. भाकर लावायची कुठे? बाई तोंड फोडून मोठं करते. तपासणीचा आकडा तिथेच संपला. ओल्या सरपणाची आच आधी पाणी आटवण्यात जाते, जाळ थंड पडतो, आणि जळायचं राहिलेलं सगळं धूर होऊन तिच्या छातीत जातं. धुराडं असलं तर खोलीतला धूर कमी, पण काजळीनं ते तुंबतं. ओरिसात काही वर्षं घरोघरी झालेल्या पाहणीत हेच निघालं: पहिल्या वर्षी बाईच्या छातीत जाणारा धूर कमी, पुढे फरक नाही, कारण चुलींची देखभालच झाली नाही.

२०१६ साली उज्ज्वला आली. सिलिंडर घरात आलं, चांगलंच झालं. पण कापसाचा पैसा हाती येईपर्यंत दुसरं भरायचं कशानं? चहा गॅसवर, भाकर चुलीवर.

आमचं मागणं एवढंच. अनुदानाची चूल वाटण्याआधी ती श्रावणात, आमच्या पऱ्हाटीवर, भाकर करणाऱ्या बाईच्या हाती द्या. धूर मोजायचं यंत्र महिनाभर तिच्या घरात ठेवा. आणि तोवर पऱ्हाट्या पावसाआधी हातभर तोडून छपरात घालायच्या. हे काम बाप्यांचं.