पैशाचा खेळ आणि सोंगाड्याचा प्रश्न

सावकार, कर्ज आणि गहाणखत हे विषय मराठी नाटकाला नवे नाहीत; परंतु बँका, सरकारी रोखे आणि शेअरबाजार यांच्या उलाढालींशी त्याचे सख्य फारसे जमलेले नाही. याचे कारण उघड आहे. सावकार डोळ्यांना दिसतो, त्याच्या हातातील वही दिसते, दारावर आलेली जप्ती दिसते. रोख्यांचा व्यवहार मात्र दिसत नाही. एका कागदाच्या बदल्यात दुसरा कागद दिला जातो आणि त्यातच कोट्यवधी रुपये इकडचे तिकडे होतात. अशा विषयातून नाट्य कसे उभे करावे, हा प्रश्न दिग्दर्शक हंसल मेहता यांनी ‘स्कॅम १९९२’ या दहा भागांच्या हिंदी मालिकेत सोडविला. ९ ऑक्टोबर २०२० रोजी ‘सोनी लिव्ह’वरून ती प्रेक्षकांपुढे आली. तिला निखळ विनोदी म्हणता येणार नाही. पण एक गंभीर आर्थिक गुन्हा खेळकरपणाने समजावून सांगण्याची तिची हातोटी विचार करण्यासारखी आहे.

सुरतेच्या मराठी माणसाला, विशेषतः लिंबायतच्या रहिवाशाला, ही मालिका जवळची वाटावी असे एक कारण आहे. लिंबायतमध्ये खानदेशातून तापीकाठच्या रेल्वेने आलेली कितीतरी कुटुंबे स्थायिक झाली. पुरुषाने यंत्रमागावर मीटरच्या हिशेबाने मजुरी मिळवावी, स्त्रीने घरी बसून साड्यांना लेस आणि टिकल्या लावाव्यात आणि उरलेल्या चार पैशांची भिशी लावावी, असा अनेक घरांचा क्रम आहे. मालिकेत हर्षद मेहतांची भूमिका करणारे प्रतीक गांधी याच सुरतेत शिक्षक आईवडिलांच्या घरी वाढले आणि अभियांत्रिकीच्या पदवीसाठी जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात गेले. खानदेशी माणूस ज्या वाटेने पोटासाठी सुरतेस आला, त्याच वाटेने हा सुरतकर विद्येसाठी खानदेशात गेला. पुढे नोकरी सांभाळून त्यांनी गुजराती रंगभूमीवर वर्षानुवर्षे काम केले. महात्मा गांधींवरील ‘मोहननो मसालो’ हा एकपात्री प्रयोग गाजविला. हर्षदच्या भूमिकेसाठी त्यांनी आपले वजन १८ किलोंनी वाढविले. चित्रपटसृष्टीतील नामांकित नट बाजूस ठेवून नाटकातील नटाची निवड करण्यात दिग्दर्शकाने धोका पत्करला होता. मालिकेच्या यशाचा मोठा वाटा या निवडीचाच आहे.

मालिकेचा आधार आहे सुचेता दलाल आणि देबाशिष बसू यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेला ‘द स्कॅम’ हा ग्रंथ. २३ एप्रिल १९९२ च्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त स्टेट बँकेतील हिशेबाच्या गोंधळाची बातमी देऊन सुचेताबाईंनीच या प्रकरणाला वाचा फोडली होती. जानकीरामन समितीने पुढे या गैरव्यवहाराची एकंदर रक्कम चार हजार कोटी रुपयांच्या घरात असल्याचे दाखविले. ज्या काळात एसीसी या सिमेंट कंपनीचा एक शेअर सुमारे २०० रुपयांवरून ९,००० रुपयांच्या आसपास पोहोचला, त्या काळाची ही कथा आहे.

व्यवहार होता तरी कसा? लिंबायतच्या माणसाला तो त्याच्या धंद्याच्या भाषेत सांगता येतो. विणकराला चार दिवस पैशांची नड आहे. तो वखारीतील कापडाचे शंभर ताके व्यापाऱ्याला विकतो आणि पंधरा दिवसांनी ठरलेल्या भावाने परत घेण्याचे वचन देतो. ताके प्रत्यक्ष हलविण्याची यातायात नको, म्हणून तो केवळ एक पावती लिहून देतो. मध्ये दलाल आहे; पैसे त्याच्या हातून जातात. आता वखारीत ताकेच नसताना विणकराने पावती लिहून दिली आणि दलालाने व्यापाऱ्याचे पैसे काही दिवस आपल्याच सट्ट्यात फिरविले, तर काय होईल? पावती परत मागितली जात नाही तोवर सारे सुखी दिसतील. १९९२ च्या प्रकरणात ताक्यांच्या जागी सरकारी रोखे होते आणि विणकर व व्यापारी यांच्या जागी बँका होत्या. रोख्यांचे पाठबळ नसलेल्या पावत्या देणाऱ्यांत मेट्रोपोलिटन सहकारी बँकेबरोबर आपल्या सातारा जिल्ह्यातील कराड बँकही होती. त्याच वर्षी ती अवसायनात गेली. बँकेच्या नावाने निघालेले धनादेश दलालाच्या खात्यात जमा होत आणि तो पैसा शेअरबाजारात तेजी पेटविण्यास वापरला जाई.

इतका रुक्ष विषय दहा भागांत कंटाळा न आणता मांडणे हे लेखकांचे खरे कौशल्य. त्यांनी जुन्या लोकनाट्याचीच युक्ती वापरली आहे, असे म्हटले तरी चालेल. तमाशातील सोंगाड्या राजाला भाबडेपणाने प्रश्न विचारतो आणि त्या प्रश्नाने राजाचे बिंग फुटते; गुजरातच्या भवाईतील रंगलोही हेच करतो. या मालिकेत अज्ञान न लपविता पुन्हा पुन्हा प्रश्न विचारण्याचे काम वार्ताहर सुचेताकडे (श्रेया धन्वंतरी) आले आहे आणि थट्टेचे काम मनू मुंद्रा या मंदीवाल्याकडे. सतीश कौशिक यांनी रंगविलेला हा मुंद्रा रांगड्या विनोदाने बाजाराचे अंतरंग एका वाक्यात उघडे करून ठेवतो. अमेरिकेत अ‍ॅडम मॅके यांनी २०१५ साली ‘द बिग शॉर्ट’ या चित्रपटात २००८ च्या आर्थिक अरिष्टाची कथा अशीच हसत सांगितली होती. त्यात एक बल्लवाचार्य शिळ्या मासळीचे कालवण करून दाखवितो. न खपलेली मासळी कालवणात घातली की ती नवा पदार्थ म्हणून विकता येते, तद्वत बुडीत कर्जांचे नवे रोखे बनविले गेले, हे प्रेक्षकाला तत्काळ उमगते. त्या पटकथेला २०१६ साली ऑस्कर पारितोषिक मिळाले.

‘स्कॅम १९९२’च्या वाट्यालाही मानसन्मान आले. ‘आयएमडीबी’च्या २०२० सालच्या भारतीय वेबमालिकांच्या यादीत ती पहिली आली, पुढच्या वर्षीच्या फिल्मफेअर ओटीटी पारितोषिकांत दिग्दर्शन आणि प्रमुख अभिनय यांचे मान तिला मिळाले. परंतु या कौतुकातच एक काटा आहे. प्रतीक गांधींचा हर्षद इतका लोभस झाला, की त्याचे जोखमीवरील एक वाक्य तरुणांच्या तोंडी बसले आणि ज्या मालिकेने फसवणुकीची रीत उघड केली, तिचाच नायक पुष्कळांना आदर्श वाटू लागला. मालिकेने त्याचा ऱ्हास लपविलेला नाही, हे खरे. सप्टेंबर १९९९ मध्ये त्याला झालेली पाच वर्षांची सक्तमजुरी आणि ३१ डिसेंबर २००१ रोजी ठाण्यात कैदेत असताना आलेला मृत्यू, हा इतिहासही सर्वश्रुत आहे. तथापि, ज्यांची पुंजी तेजीच्या शेवटच्या लाटेत बुडाली, त्यांच्या वाट्याला नाट्यात फार थोडी जागा आली. विनोदाचा दिवा जिंकणाऱ्याच्या मुखावर पडतो. हरणारा अंधारात राहतो.

हा आक्षेप केवळ रसिकतेचा नव्हे. मार्च २०२० मध्ये देशात चार कोटींच्या आसपास डीमॅट खाती होती. मार्च २०२५ पर्यंत ती एकोणीस कोटींवर गेली. पूर्वी दलालाच्या पेढीची पायरी चढण्यास बिचकणारा माणूस आता मागावरील पाळी संपताच खिशातील फोनवर सौदा करू शकतो. ‘सेबी’ने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार मागील तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्सचे सौदे करणाऱ्या शंभर व्यक्तींपैकी ९३ जणांना तोटा झाला आणि त्यांचा एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक होता. दोन-तीन पाळ्यांच्या मजुरीएवढी रक्कम एका दुपारी गमावणाऱ्या घरात कोणत्याही संवादाची मोहिनी टिकत नाही.

म्हणून अशा कलाकृतींचा गौरव करताना त्यांच्यातून काय उचलावे, याचे तारतम्य प्रेक्षकाने राखले पाहिजे. हर्षदचा आवेश हा नटाचा विजय आहे. त्याला टाळी अवश्य द्यावी. घरी न्यावयाचा तो मात्र सोंगाड्याचा प्रश्न. कोणी दुप्पट पैशांची भाषा करीत आला, मग तो भिशीचा चालक असो की फोनवरील अनोळखी सल्लागार, तर त्याला एवढेच विचारावे की पावती ठीक आहे, पण वखारीत ताके आहेत काय? १९९२ साली बड्या बड्या बँकांतील जाणत्या माणसांनी हा प्रश्न वेळीच विचारला नाही. लिंबायतच्या विणकराला तो विचारण्यासाठी अर्थशास्त्राच्या पदवीची गरज नाही. कापडाच्या धंद्यात माल पाहिल्यावाचून पैसे मोजू नयेत, हे तो पहिल्याच दिवशी शिकलेला असतो.