हुशार शत्रू, पण इशारा देणारा

भद्रावतीहून बोलतोय. काल 'शॅटर्ड पिक्सेल डंजन'मध्ये पाचव्या मजल्यावर 'गू' नावाच्या बॉसने मला मारलं. हसू नका, इंग्रजीत त्याचा अर्थ चिकट लगदा! रोगलाइकमध्ये मेलात की पुन्हा पहिल्यापासून. रागात गेम उडवणारच होतो.

मग आठवलं, मोठा फटका मारण्याआधी तो फुगतो. तेव्हा मागे सरकायचं सोडून मी हावरटासारखा अजून एक वार केला.

आमच्या ताडोबात वाघ निघाला की चितळ, वानरं ओरडतात. ऐकणारा सावध होतो. गेमचंही तेच. शत्रूची नुसती ताकद वाढवली तर कंटाळा येतो, इशाराच नसेल तर अन्याय वाटतो. इशारा असला की हरल्यावरही चूक कळते.

गेम ठेवलाय. आज पुन्हा पाचवा मजला!